फुगवट्यातलं गाव आणि बेभरवशाचा डोंगा

पहिला दिवस : नागपूर ते घाट

कुही तालुक्यात माझ्या आत्याचं गाव आहे. पोळ्यानंतर गोसेखुर्द धरणात पाणी चढत जातं, गावाकडे जाणारा रपटा, म्हणजे बुटका पूल, बुडतो, आणि तेव्हापासून महाशिवरात्रीच्या आसपासपर्यंत गावाचं बेट होतं. तीन बाजूंना वैनगंगेचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे साचलेलं पाणी, आधीपासून आहेच. चौथी बाजूही गेली की डोंग्याशिवाय, म्हणजे नावेशिवाय, वाट उरत नाही. गावाचं नाव इथे लिहीत नाही. तिथल्या लोकांनीच तसं सांगितलं, कारण डोंगा चालवणारा माणूस एकच आहे आणि त्याच्यावर कुठलं बालंट येऊ नये असं सगळ्यांना वाटतं.

डिसेंबरचा पहिला आठवडा. गणेशपेठच्या बसस्थानकावरून सकाळची एसटी धरली. उमरेड रोडने पाचगाव, तिथून कुही. पाचगावपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर दिसते, पुढे हळूहळू धानाच्या बांध्या सुरू होतात. कापणी झालेली, कुठे पुंजणे रचलेले, कुठे मळणीयंत्राचा भुसा उडतोय.

आम्ही नागपूरकर ज्या नदीच्या नावाने ओळखले जातो ती नाग नदीही याच बाजूला येते. लाव्याच्या टेकड्यांतून निघून, अंबाझरी, महाल, पारडी ओलांडून ती शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं गोसेखुर्दच्या जलाशयात येऊन थांबतं. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प केंद्राने मंजूर केला, त्याच्या बातम्या आम्ही वाचल्या. पण आमच्या घरातलं मोरीचं पाणी शेवटी कुणाच्या दारात जातं हे घाटावर उभं राहिलं की कळतं. पाण्यावर जिथवर नजर जाईल तिथवर जलपर्णी होती. सांडपाण्यातलं खत मिळालं की ही वनस्पती भराभर वाढते आणि साचलेल्या पाण्यात तिला हलवणारा प्रवाहही नसतो. वारा जिकडे नेईल तिकडे तिचा हिरवा पट्टा सरकतो. आज जी वाट मोकळी ती उद्या बंद.

कुहीहून वेलतूरकडे जाणाऱ्या काळीपिवळीने घाटाच्या फाट्यावर सोडलं. घाट म्हणजे काय, तर उतरती मातीची वाट आणि शेवटी चिखल. शेड नाही, बाकडं नाही, वेळेचा फलक तर नाहीच. माझ्याआधी सातआठ माणसं बसलेली होती. एक गुरुजी, कुहीला आधारचं काम करून परतणारी म्हातारी आणि तिचा नातू, खताचं पोतं घेतलेला शेतकरी, दोन कॉलेजच्या मुली, आणि थर्माकोलची पेटी घेऊन आलेला मासळीचा व्यापारी.

"डोंगा केव्हा येते, भाऊ?" मी विचारलं.

"आला त येते," शेतकरी म्हणाला. त्यात वैताग नव्हता. तो खरी माहिती देत होता.

दुपार कलली तसे त्या बसलेल्या माणसांचे हिशेब ऐकू यायला लागले. म्हातारीची बीपीची गोळी घरी होती. मुलींचा दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि पुस्तकं गावात होती. मासळीवाला सगळ्यात आधी उठून गेला. त्याच्या पेटीतला बर्फ अर्धा झाला होता. पलीकडे झिंगे भरून ठेवलेले असतील हे त्याला ठाऊक होतं, पण ते संध्याकाळी मिळून नागपूरच्या बाजारात सकाळी पोचणार नाहीत हेही ठाऊक होतं. तो गेला म्हणजे पलीकडच्या मासेमारी करणाऱ्या चारपाच ढिवर कुटुंबांची त्या दिवसाची कमाई गेली. डोंगा बुडाला नाही, कुणाला खरचटलं नाही. असं नुकसान कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

दिवस मावळताना डोंगा आला. इंजिनाच्या पंख्यात जलपर्णीच्या मुळ्या अडकल्या होत्या, त्या पाण्यात उतरून कापाव्या लागल्या, म्हणून उशीर. डोंगावाले काका छातीपर्यंत भिजलेले, ओठ निळे. थंडीत त्या माणसाला कुणी रागावणार कसं?

दुसरा दिवस : बेटावर

पहाटे आत्याच्या अंगणातून समोरचं काही दिसत नव्हतं. पाण्यावरून उठलेलं धुकं घरांत शिरलं होतं. आत्याने म्हशीचं दूध काढलं, कॅन भरला, झाकण लावलं आणि चुलीपुढे बसली.

"जात नाही का घाटावर?"

"धुवारी फिटू दे पोरी. याच्यात डोंगा सोडत नाही तो. अन् सोडूही नये."

दूध संकलन केंद्र पलीकडच्या काठावरच्या गावात आहे. त्यांची गाडी ठरलेल्या वेळी येते आणि ठरलेल्या वेळी जाते. सकाळी साडेसातच्या आत दूध पोचलं तर फॅट लागून भाव मिळतो. आठ वाजता पोचलं तर गाडी गेलेली असते. मग कॅन परत आणायचा, त्याचा खवा आटवायचा नाहीतर दही लावायचं. पण गावात खवा घेणार कोण? ज्याच्या त्याच्या घरी तेच दूध. आत्याकडे आधी चार म्हशी होत्या. आता एकच आहे, आणि तीही, तिच्या शब्दांत, "घरच्या चहापुरती". गावातल्या बहुतेक घरांत हेच झालंय. म्हशी कमी झाल्या त्या चाऱ्याअभावी नव्हे, रोगानेही नव्हे. वेळेअभावी कमी झाल्या.

त्या दिवशी गावभर हिंडताना मला हीच गोष्ट वेगवेगळ्या दारांत भेटत राहिली. डोंगा हळू आहे, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. एकदा पाण्यात निघाला की तासाभराच्या आत पलीकडे नेतो, त्यात काय वाईट? त्रास आहे तो निघेल की नाही हे माहीत नसण्याचा.

किराणा दुकानदार पोळ्याआधीच तेल, साखर, मीठ, तूरडाळ, पोरांची बिस्किटं भरून ठेवतो. त्यात त्याचा पैसा अडकतो, डाळीला कीड लागते, बिस्किटं सादळतात. म्हणून इथे प्रत्येक वस्तू कुहीपेक्षा दोनतीन रुपयांनी महाग. ते रुपये शेवटी मजुरी करणाऱ्या बाईच्या पदरातून जातात.

धानाचं तर विचारू नका. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. पण तो मिळवायला धान सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर, आपला नंबर लागेल त्या दिवशी न्यावं लागतं. डोंग्यात एका खेपेला मोजकी पोती मावतात, वर माणसंही असतात. पलीकडे उतरवून पुन्हा ट्रॅक्टर भाड्याने करायचा. ट्रॅक्टर काठावर थांबून राहिला तर त्याचं भाडं वाढतं, आणि डोंगा बंद असला तर नंबरच जातो. त्यामुळे खूप जण गावात येणाऱ्या खाजगी व्यापाऱ्याला देऊन टाकतात. व्यापारी भाव पाडून घेतो आणि त्याला दोष द्यायलाही माणसं कचरतात, कारण निदान तो येतो तरी.

वांग्यांची शेती आतेभावाने सोडली. "ताई, वांगं तोडलं का दुसऱ्या दिवशी कळमन्याच्या बाजारात पायजे. घाटावर पडून राहिलं त डेख काळं पडते, गिऱ्हाईक हात नाही लावत." आता तो धान, लाख (लाखोळी डाळ) आणि थोडी मिरची लावतो. मिरची वाळवून ठेवता येते. इथे शेतात काय पेरायचं हे जमिनीइतकंच डोंगाही ठरवतो.

मिरचीवरून मांढळ निघालं. मांढळ, कुही, भिवापूर, पवनी या पट्ट्यात मिरचीचे सातरे चालतात. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायला शेकडो बाया बसतात आणि किलोवर मजुरी मिळते. हंगामात गावातल्या बायांना घरखर्चाचा मोठा आधार. पण सातऱ्यावर सकाळी वेळेत पोचणाऱ्या बाईलाच चांगला ढीग मिळतो, आणि दोन दिवस आली नाही तर तिची जागा दुसरी घेते. आत्याच्या शेजारची सून गेल्या हंगामात म्हणूनच माहेरी, मांढळजवळ, राहायला गेली होती. नवरा इकडे, लेकरं तिकडे. घर मोडलं नाही, पण दोन महिने दोन चुली चालवाव्या लागल्या.

गरोदर बायांचंही तसंच. सातवा लागला की बाई पाण्यापलीकडे नातेवाइकांकडे जाते. ज्यांचे तिकडे कुणी नातेवाईक नाहीत त्या घरांचं काय, असं मी आत्याला विचारलं. तिने २०२० सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, इकडे तोतलाडोहाचे दरवाजे उघडले, कन्हान आणि वैनगंगा एकाच वेळी चढल्या. गावातून बाहेर पडायला बचाव पथकाची बोट येईपर्यंत एक दिवस गेला. गावात दिवस भरलेली एक बाई होती. सुईणीने ती मोकळी केली, लेकरू आणि माय दोघंही वाचली. आत्या हे सांगताना अजूनही हात जोडते.

रात्री जेवणं झाल्यावर मला कोकणातलं मांडवा आठवत होतं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच दर पावसाळ्यात बंद होतात. अलिबागकर वर्षानुवर्षं त्यासोबत जगत आले, कारण केव्हा बंद होणार आणि साधारण केव्हा सुरू होणार हे त्यांना आधी कळतं. २०२० पासून गाड्याही नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यावर तर पावसाळ्यातही, हवामान बरं असलं की, जाता येतं. बंद असणं आणि बेभरवशाचं असणं यात फार फरक आहे. बंद असेल तर माणूस दुसरी सोय करतो. बेभरवशाचं असेल तर रोज सकाळी घाटावर जाऊन बसतो.

आणि हे फक्त गरीब मुलखातच होतं असंही नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांसाठी २०१५ मध्ये दोन फेरी जहाजांचं कंत्राट दिलं गेलं, ९७ दशलक्ष पौंडांचं. पहिलं जहाज २०१८ मध्ये धावायला हवं होतं. ते प्रवाशांना घेऊन निघालं २०२५ च्या जानेवारीत. मधल्या वर्षांत जुनी जहाजं बिघडत राहिली, फेऱ्या रद्द होत राहिल्या आणि बेटांवरचे हॉटेलवाले नि शेतकरी हैराण झाले. त्यांच्याकडे निदान रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद असते. आमच्या घाटावर डोंगा किती दिवस लागला नाही हे लिहून ठेवणारं कुणीच नाही, आणि नोंद नाही म्हणून कागदोपत्री अडचणही नाही.

तिसरा दिवस : आंभोरा, पवनी, गोसे

सकाळी धुकं लवकर फिटलं. आतेभावाची मोटरसायकल हिवाळ्यात पलीकडच्या काठावर एका ओळखीच्या गोठ्यातच असते. ती काढून आम्ही आंभोऱ्याला गेलो.

आंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांशी या जागेचं नातं परंपरा सांगते. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८. पूर्वी इथूनही भंडाऱ्याकडे डोंग्यानेच जायचे, मोटरसायकली आडव्या घालून. आता केबलवर तोललेला सुमारे ७०० मीटरचा पूल आहे. २०२४ मध्ये तो सुरू झाला. मधोमध, ४० मीटर उंचीवर, काचेची गॅलरी. नागपूरहून सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, काठावर कणसं, चहा, भजी, मासे तळून देणाऱ्या टपऱ्या उभ्या राहिल्या आहेत. एका टपरीवालीने सांगितलं की तिचा नवरा आधी डोंगा वल्हवायचा, आता पर्यटकांना फिरवतो आणि बरं चाललंय. पुलाने इथल्या माणसांचं आयुष्य सोपं केलं यात शंका नाही. मला तो पूल मनापासून आवडला.

पण आतेभावाने पुलावरच गाडी थांबवून जे सांगितलं ते तिथे फोटो काढणाऱ्या कुणाला माहीत नसणार. पूल होण्याआधी आमच्या घाटावरचा डोंगा दोन्हीकडे जायचा, कुहीच्या काठाला आणि भंडाऱ्याच्याही. भंडाऱ्याच्या बाजाराला जाणारे, लग्नाचे वऱ्हाडी, मोटरसायकलवाले व्यापारी यांच्या भाड्यावर डोंगा चालायचा. गावातली म्हातारीकोतारी, शाळकरी पोरं त्यातच कमी पैशांत निघून जायची. पूल झाल्यावर पैसे देणारी गिऱ्हाइकं आंभोऱ्याकडे वळली. ज्यांना पुलापर्यंत पोचायलाच डोंगा लागतो तेवढी माणसं घाटावर उरली. भाडं घटलं, डिझेल तेवढंच. फेऱ्या कमी झाल्या, मग भरवसा गेला, मग उरलेल्यांपैकीही ज्यांना जमेल त्यांनी हिवाळ्यापुरती कुहीत खोली केली. त्यामुळे भाडं आणखी घटलं. पूल बांधताना आजूबाजूच्या घाटांचं पुढे काय होईल हे कुणीतरी मोजायला हवं होतं, असं मला वाटतं.

पूल ओलांडून अड्याळमार्गे पवनी. जुन्या तटबंदीचं गाव. १९६९-७० मध्ये इथल्या जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. थांबायला वेळ नव्हता.

गोसे गावाजवळ धरण आहे. ३३ दरवाजे, आणि समोर समुद्रासारखं पाणी. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा प्रकल्पाची किंमत ३७२ कोटी धरली होती. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च कितीतरी पटींनी वाढला. पूर्ण जलपातळी २४५.५० मीटर. हा आकडा आतेभावाला त्याच्या मोबाइल नंबरसारखा पाठ आहे. पाणी त्याच्या जवळपास गेलं की रपटा बुडतो, वरच्या बांध्यांत ओल चढते, गावातली खालची आळी पाण्याला लागते. खाली हजारो हेक्टरांना या पाण्याची गरज आहे हेही तो नाकारत नाही. "पाणी भरा ना, नाही कोण म्हणते? पण भरायच्या आठ दिवस आदी आमाले सांगा. बस."

परतताना अंधार पडला. घाटावर डोंगा होता, हे त्या दिवसाचं नशीब.

चौथा दिवस : डोंगावाले काका आणि अर्ज

सकाळी काकांसोबत डोंग्यातच बसून राहिले, दोन खेपा. ते ढिवर समाजाचे. आजोबा नदीत लाकडी डोंगा बांबूने ढकलायचे, तेव्हा दोन्ही काठांवरची घरं वर्षाला ठरलेलं धान देत. पैसे नव्हते, पण चूल पेटायची आणि म्हणून डोंगा रोज निघायचा. आता पत्र्याचा डोंगा, पंपाचं जुनं इंजिन.

"नदी होती तवा सोपं होतं, बाई. धार कुठं आहे ते कळे. आता खाली काय हाय ते दिसत नाही."

खाली बुडालेली झाडं आहेत, विजेचे खांब आहेत, विहिरींची तोंडं आहेत. पाण्याची पातळी हातभर बदलली की कालचं सुरक्षित ठिकाण आज ठुटावर, म्हणजे बुडालेल्या झाडाच्या खुंटावर, येतं. उतरायची जागाही रोज सरकते. पाणी चढलं तर वाटेवर, उतरलं तर गुडघाभर चिखलात. गेल्या वर्षी ठुट लागून पत्रा फाटला तेव्हा दुरुस्तीला तीन आठवडे गेले आणि ते तीन आठवडे गावाला दुसरं साधन नव्हतं. काकांचा मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात लागलाय. तो परत येणार नाही आणि यावं असं काकांनाही वाटत नाही.

डोंग्यात लाइफ जॅकेट नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमरावती जिल्ह्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातले ११ जण गेले. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा याच वैनगंगेत उलटला. अशी बातमी आली की काही दिवस अधिकारी येतात, डोंगे बंद करायला सांगतात आणि जातात. बंद करणं सोपं आहे. पण आत्याने दूध, मुलींनी पेपर, म्हातारीने गोळी कशी आणायची, हे बंद करणाऱ्याने सांगायला नको का? देशात २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, नोंदणीचे आणि सुरक्षेचे नियम आहेत. ते पाळता येतील एवढं उत्पन्न या एका माणसाच्या हातात कुणी द्यायचं, हा माझा प्रश्न आहे.

संध्याकाळी समाजमंदिरात बैठक झाली. आतेभावाने मला अर्ज टाइप करायला बसवलं. पुरुषांचं म्हणणं, पहिली मागणी पुलाची घाला. बायांनी ते उडवून लावलं. "पूल व्हायले दहा वर्षं. दूध त उद्याचं हाय." शेवटी पहिल्या ओळीत वेळ आली : सकाळी सातच्या आधी एक खेप, संध्याकाळी शेवटच्या एसटीनंतर एक खेप, आणि दोन्ही काठांवर फलक. धुकं असेल तर खेप किती वाजेपर्यंत थांबेल तेही फलकावर. त्यासाठी डोंगावाल्याला भाड्यावर न सोडता पाण्याच्या महिन्यांत ठरावीक मानधन. मग जलपर्णी काढून एक पट्टा कायम मोकळा ठेवणं, पाण्यासोबत वरखाली होणारा तरंगता धक्का, बुडालेल्या खांबांवर झेंड्या, जॅकेट, आणि पातळी वाढवण्याआधी गावाला निरोप. पूल शेवटी ठेवला.

एक तरुण म्हणाला, मानधन दिलं तर काका हव्या तेव्हा दांड्या मारतील. त्यावर बराच वेळ वाद झाला. आत्याने सुचवलं की दोन्ही काठांवर एक वही ठेवू, डोंगा आला की वेळ लिहू, नाही आला तर का नाही आला ते लिहू. गुरुजींनी वही शाळेतून द्यायची कबूल केली. शाळकरी पोरं रोज जातातच, तीच लिहितील.

सह्यांची सुरुवात काकांपासून करायची ठरलं. त्यांनी अर्ज वाचून घेतला, दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि म्हणाले, यात दुसरा डोंगा नाही. माझं इंजिन बंद पडलं त गाव पुन्हा घाटावर बसन. ती ओळ आम्ही मानधनाच्या खाली घातली, आणि मग त्यांनी सही केली.